पदवी आणि मतदार



अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या राज्यघटनेने राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला तीनच अटी घातल्या आहेत. तो जन्माने अमेरिकन नागरिक असावा, त्याचे वय किमान ३५ वर्षे असावे आणि त्या देशात त्याचे किमान १४ वर्षे वास्तव्य झालेले असावे. शिक्षणाविषयी घटना काहीच सांगत नाही. १७८७ साली ज्या परिषदेने ही घटना सिद्ध केली, तिचे अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन स्वतःही कधी महाविद्यालयात शिकले नव्हते. उमेदवाराच्या विद्वत्तेचे मोल किती मानावे, हा प्रश्न अशा रीतीने मतदारावर सोपविला गेला.

मतदाराने त्याचे पहिले ठळक उत्तर १८२८ साली दिले. त्या वर्षी पदावर असलेले जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स हे हार्वर्डचे पदवीधर आणि तेथील माजी प्राध्यापक होते. त्यांच्यासमोर उभे होते लहानपणीच पोरके झालेले व तुटपुंजे शालेय शिक्षण लाभलेले सेनानी अँड्र्यू जॅक्सन. जॅक्सन मोठ्या मताधिक्याने निवडून आले. १८३३ साली हार्वर्डने त्यांना सन्माननीय पदवी दिली, तेव्हा अ‍ॅडम्स यांनी त्या समारंभाला जाण्याचे नाकारले. जनतेचा कौल विद्यापीठाने मान्य केला, तरी पराभूत विद्वानाच्या मनातील सल गेला नाही.

परंतु साधेपणाचाही देखावा करता येतो, हे १८४० साली दिसून आले. विल्यम हेन्री हॅरिसन यांच्या पक्षाने त्यांना ओंडक्यांच्या झोपडीत राहणारा साधा माणूस म्हणून लोकांपुढे मांडले. वस्तुतः ते व्हर्जिनियातील प्रतिष्ठित जमीनदार घराण्यातील असून त्यांनी काही काळ महाविद्यालयीन शिक्षणही घेतले होते. उलट, ज्यांना ऐषारामी ठरविण्यात आले, ते मार्टिन व्हॅन ब्यूरन एका खाणावळवाल्याचे पुत्र होते आणि त्यांनी महाविद्यालयाची पायरीही चढलेली नव्हती. विजय हॅरिसन यांचा झाला. पदवीला न भुलणारा मतदार पदवीच्या अभावाला भुलू शकतो, हेही लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

पुढे अब्राहम लिंकन आले. त्यांचे सगळे शालेय शिक्षण एकत्र केले तरी एक वर्ष भरत नव्हते. १८५८ साली एका चरित्रकोशासाठी माहिती देताना आपले शिक्षण सदोष आहे, असे त्यांनी मोजक्या शब्दांत नमूद केले. ही उणीव त्यांनी लपविली नाही आणि तिचे भांडवलही केले नाही.

विसाव्या शतकातील ठळक उदाहरण हॅरी ट्रुमन यांचे आहे. शेती, महायुद्धातील तोफखान्याची कप्तानी आणि कॅन्सस सिटीतील बुडालेले कपड्यांचे दुकान, एवढा अनुभव घेऊन ते राजकारणात आले. रात्रीच्या वर्गांत सुरू केलेले कायद्याचे शिक्षण त्यांनी अर्धवट सोडले होते. १९४८ साली त्यांनी मिशिगन व कोलंबिया विद्यापीठांचे पदवीधर थॉमस ड्यूई यांचा अनपेक्षित पराभव केला. त्या प्रचारात त्यांनी शेतकऱ्यांपुढे मांडलेला प्रश्न धान्य साठविण्याच्या सोयीचा आणि धान्याला मिळणाऱ्या भावाचा होता. प्रमाणपत्रापेक्षा हा प्रश्न शेतकऱ्याला अधिक जवळचा होता.

ट्रुमन १९५३ साली पायउतार झाले. त्यानंतर पदवी नसलेला एकही राष्ट्राध्यक्ष झालेला नाही. १९४० साली २५ वर्षांवरील शंभर अमेरिकनांमागे सुमारे पाच पदवीधर होते. आता ते प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक आहे. म्हणजे बहुसंख्य प्रौढ आजही पदवीधर नाहीत. मग पदवी नसलेला उमेदवार मतदारापुढे येतो कोठे? वकिली, सिनेट, राज्यपालपद, पक्षाची मान्यता, देणगीदारांचा विश्वास, अशा एकामागून एक चाळण्यांतून उमेदवाराला जावे लागते, आणि या वाटेवर बहुतेक ठिकाणी पदवी गृहीतच धरलेली असते. विद्यापीठ अर्धवट सोडलेले बॅरी गोल्डवॉटर १९६४ साली पक्षाची उमेदवारी मिळवू शकले. पण त्यांच्या दारुण पराभवात अण्वस्त्रांविषयीच्या भीतीचा वाटा मोठा होता. विस्कॉन्सिनचे राज्यपाल स्कॉट वॉकर हेही पदवीधर नव्हते. मतदारांनी त्यांना तीन वेळा विजयी केले होते. मात्र राष्ट्राध्यक्षपदाच्या स्पर्धेतून ते २०१५ साली, एकही मत पडण्यापूर्वीच, बाहेर पडले.

२०१६ साली पदवी नसलेल्या श्वेतवर्णीय मतदारांचा मोठा पाठिंबा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे पदवीधर डोनाल्ड ट्रम्प यांना मिळाला. उमेदवार आपल्यासारखा शिकलेला आहे काय, यापेक्षा तो आपल्या बाजूने बोलतो काय, हे त्यांनी पाहिले.

शिक्षणाची अट कायद्यानेच का घालू नये, असे कोणी विचारील. याच देशातील दक्षिणेकडच्या राज्यांनी साक्षरतेची परीक्षा पुढे करून कृष्णवर्णीय नागरिकांना अनेक दशके मतदानापासून दूर ठेवले होते. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने तेथील त्या परीक्षा थांबविल्या. परीक्षा कोण घेतो आणि कोणाला नापास करण्यासाठी घेतो, हा प्रश्न त्या अनुभवातून उरला आहे. उमेदवाराच्या ज्ञानाची पारख अवश्य व्हावी. परंतु ती करण्याचा अधिकार मतदाराकडेच राहिला पाहिजे, मग तो मतदार स्वतः पदवीधर असो वा नसो.