चित्रकलेचा तास आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



संमेलनात बोलायला उभे राहणाऱ्याने मुलांना डॉक्टर व्हा, इंजिनिअर व्हा, असा उपदेश करावा ही आपल्याकडची रीत आहे. मीही ती पुष्कळ वर्षे पाळली. आज मात्र मी वेळापत्रकातल्या अशा एका तासाविषयी बोलणार आहे, जो झाला काय आणि बुडाला काय, घरी कोणी विचारीत नाही. तो म्हणजे चित्रकलेचा तास. गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला की पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडते. इतर शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही; मी स्वतः तो तास अनेकदा मागून घेतलेला आहे.

आपल्या ब्रह्मपुरी स्टेशनवरून गाडी निघते, वैनगंगा ओलांडून वडशाला पोचते आणि त्याच रुळांवरून पुढे गोंदियाला जाते. त्या गोंदियात एके काळी सय्यद हैदर रझा नावाचा एक तरुण शाळेत चित्रकला शिकवीत असे. आपल्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकले आहे? विद्यार्थ्यांनी तर ते ऐकलेच पाहिजे.

रझा यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजी मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया या खेड्यात झाला. वडील जंगलखात्यात नोकरीला. चांदा काय आणि मंडला काय, तेव्हा दोन्ही जिल्हे मध्यप्रांतातच होते, आणि रान म्हणाल तर तिथलेही आपल्यासारखेच. जंगलातल्या रात्रीची लहानपणी वाटणारी भीती आणि त्या भीतीवर उतारा म्हणजे गोंडांचे नाच, ही आठवण ते मोठेपणीही सांगत असत. मुलगा अतिशय चंचल होता, वर्गात त्याचे लक्ष लागत नसे. प्राथमिक शाळेतले नंदलाल झारिया नावाचे गुरुजी. त्यांनी त्याला छडी मारली नाही. त्यांनी शाळेच्या पांढऱ्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे पाहत बस, असे सांगितले. पुढे वयाच्या साठीच्या आसपास रझांच्या चित्रांच्या मध्यभागी जो मोठा काळा बिंदू येऊन बसला आणि ज्यामुळे जग त्यांना ओळखू लागले, त्याचे मूळ त्या भिंतीवर आहे, असे ते स्वतःच सांगत.

मॅट्रिकनंतर रझा नागपूरच्या स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. सरकारी शिष्यवृत्ती मिळाली, परंतु मुंबईला पोचेपर्यंत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधला प्रवेश हुकला. तेव्हा परत न फिरता त्यांनी ब्लॉक तयार करणाऱ्या एका स्टुडिओत नोकरी धरली, काम सांभाळून सराव चालू ठेवला आणि मग जे. जे.त प्रवेश मिळविला. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला, त्याच्या संस्थापकांत ते होते. १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला गेले आणि साठ वर्षे तिकडेच राहिले. २०१३ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. २०१६ साली दिल्लीत त्यांचा इंतकाल झाला, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना मंडल्याला नेऊन वडिलांच्या कबरीशेजारी दफन करण्यात आले.

त्या ग्रुपमधल्या आणखी काहींची ओळख ऐकण्यासारखी आहे. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा. लहानपणी बडोद्याच्या मदरशात असताना सुलेखनाने त्यांना कलेची गोडी लागली, आणि मुंबईत त्यांनी सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवून पोट भरले. के. एच. आरा मोटारी धुण्याचे काम करीत. ह. अं. गाडे अमरावती जिल्ह्यातले आणि शिक्षणाने विज्ञानाचे पदवीधर! तेव्हा सायन्सला जाणाऱ्याने रंगपेटी माळ्यावर टाकलीच पाहिजे, असे कुठे लिहिलेले नाही.

तुम्ही म्हणाल, सर, लाखात एक रझा होतो. आमच्या पोराने काय करावे? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मला एका चुकीतून मिळाले.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. एक शिंपीकाम करणारे गृहस्थ मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा नववीत होता. एलिमेंटरी परीक्षा चांगल्या श्रेणीत पास झालेला, आता इंटरमिजिएटला बसायचे म्हणत होता. अब्बा म्हणाले, "सर, आप बोल दो, आपकी बात मानेगा. ये ड्रॉइंग-व्रॉइंग बंद कर देगा." मी बोललो. पुढचे वर्ष दहावीचे आहे, आता हे नाद पुरे झाले, असे सांगितले. त्याने मान डोलावली आणि खरोखरच बंद केले. दहावीत त्याला जेमतेम मार्क पडले. जो एक विषय त्याला शाळेकडे ओढत होता तोच आम्ही काढून घेतला होता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. आज तो वडिलांच्याच दुकानात कटिंग करतो. उत्तम करतो. कापडावर खडूने रेघ ओढताना त्याचा हात पाहा, एकदाही पुसावे लागत नाही. तो हात चित्रकलेच्या तासाला तयार झाला आहे.

वर्गात काय होते ते पालकांनी एकदा येऊन पाहावे. मुलासमोर एक लोटा ठेवतात. लोट्याचे तोंड गोल आहे हे त्याला माहीत असते, म्हणून तो गोल काढतो आणि चित्र फसते. मग शिक्षक सांगतात, जे माहीत आहे ते काढू नकोस, जे दिसते आहे ते काढ. बसल्या जागेवरून ते तोंड लंबगोल दिसते. हे कळायला कित्येक आठवडे लागतात. ज्याला हे कळले तो पुढे मोटार दुरुस्त करो की पेशंट तपासो, ठरवून टाकलेल्या समजुतीपेक्षा समोरच्या वस्तूकडे आधी पाहतो. शिवाय फसलेले चित्र पुन्हा काढावे लागते, त्यामुळे चुकले म्हणून रडत न बसण्याची सवयही लागते. परीक्षेच्या एका मार्कासाठी जीव टांगणीला लावणाऱ्या मुलांना ती फार हवी आहे.

आता एक नाजूक मुद्दा. जिवंत प्राण्यांची चित्रे काढणे दीनच्या दृष्टीने योग्य की नाही, हा प्रश्न काही पालक मनात ठेवतात, बोलत नाहीत. मी आलिम नाही. त्यावर फैसला देणे माझे काम नव्हे, आपण आपल्या मौलानासाहेबांना विचारावे. मात्र एलिमेंटरीचे विषय जरूर पाहावेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन. यात मनुष्याकृतीचा प्रश्न मुख्यतः स्मरणचित्रात येतो. बाकीचे तर आपल्या घरचेच आहे. वर्तुळाचे सहा सारखे भाग करून तारा कसा काढावा, हे आपल्या कारागिरांनी शेकडो वर्षे मशिदींच्या जाळ्यांतून दाखविले. सहलीला औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला जाल, तेव्हा बीबी का मकबऱ्यासमोर फोटो काढून झाल्यावर तिथल्या जाळ्यांजवळ पाच मिनिटे थांबा आणि तो नमुना कंपासने वहीत उतरवून पाहा. अक्षरलेखनाबद्दल मी काय सांगावे? कुराणशरीफच्या हस्तलिखितांनी ज्या कौमला सुंदर अक्षराची किंमत शिकविली, तिच्या मुलांचे अक्षर आज वाचवत नाही!

आणि मुलींचे काय? चांदरातीला मोहल्ल्यातली एकेक मुलगी दहा-दहा हातांवर मेंदी काढते. समोर नमुना नसतो, पुसता येत नाही, आणि तळव्याची जागा कशी भरायची व कुठे मोकळी सोडायची हे ती मनात ठरविते. यालाच परीक्षेत संकल्पचित्र म्हणतात. तिला कोणी सांगितलेलेच नसते की हा विषय आहे, त्याची परीक्षा आहे आणि त्यापुढे कॉलेजही आहे.

कलेवर पोट भरत नाही, असे म्हणणाऱ्यांनी दिवाळीनंतर वडशाला एक चक्कर मारावी. मंडईपासून होळीपर्यंत आपल्या झाडीपट्टीत गावोगाव रात्रभर नाटके चालतात. कंपन्यांची कार्यालये वडशात आहेत. नट तर आहेतच, पण पडदे रंगविणारे, पोस्टर करणारे, तबला-ऑर्गनवाले, दिवे सांभाळणारे, अशा कितीतरी घरांची चूल त्या हंगामावर पेटते. गडचिरोली जिल्ह्यातले गुरनोलीचे शेतकरी-नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीसाठी. प्रत्येकाने नाटकात जावे असे मी म्हणत नाही. हंगाम संपला की त्यातल्या बहुतेकांना शेतीकडे किंवा मजुरीकडे वळावे लागते, हेही खरे.

व्यवहाराचे बोलायचे तर इंटरमिजिएट परीक्षेत 'ए' श्रेणी मिळाली तर दहावीत ७, 'बी' ला ५ आणि 'सी' ला ३ वाढीव गुण मिळतात. पुढे आर्किटेक्चरच्या 'नाटा' परीक्षेत ड्रॉइंग असते. नागपूरला शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. तिथे पदवीसाठी बारावीनंतर राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ही माहिती आपल्या मुलांपर्यंत वेळेवर पोचत नाही, कारण अर्ज भरण्याच्या दिवसांत घरून कोणी चौकशी करीत नाही.

म्हणून पालकांना माझी विनंती एवढीच की, पुढच्या पालकसभेला गणित-इंग्रजीच्या सरांना भेटून झाल्यावर चित्रकलेच्या शिक्षकांनाही भेटा. मुलाची चित्रवही मागवून घ्या आणि त्याच्यादेखत पहिल्या पानापासून चाळा. रंगपेटीचा खर्च वह्या-पुस्तकांच्या खर्चात धरा. आणि शिक्षक मित्रांनो, आपल्यापैकी कोणी यंदा तो तास मागायला गेला, तर त्याला माझ्याकडे पाठवा.