समारंभाचे काम आणि मनाची शांती
(विहारातील वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीने आम्हाला विषय दिला तो असा की, समारंभाचा धंदा शांतपणे आणि आनंदाने कसा करावा. विषय ऐकून आमच्यातल्या काही मंडळींना हसूच आले. मांडवाच्या धंद्यात शांती शोधायची म्हणजे डीजेच्या भिंतीपुढे बसून आनापान करण्यासारखे झाले! पण विषय हसण्यावारी नेण्याचा नाही. आपल्या वस्तीतल्या कितीतरी घरांची चूल लग्नसराईवर पेटते. कोणी बांबू-कनात बांधतो, कोणी लाईट-माईकवर आहे, कोणी आचाऱ्याच्या हाताखाली, भगिनी पुऱ्या लाटायला जातात. आणि आता शिकलेली मुलं-मुली कंपन्यांचे कार्यक्रम करतात, त्याला इव्हेंट मॅनेजमेंट म्हणतात. गळ्यात ओळखपत्र, हातात वॉकीटॉकी. नाव नवे, पण काम तेच. दुसऱ्याचा आनंदाचा दिवस नीट पार पाडायचा.

आणि घरी काय होतं? रात्री दोनला माणूस परत येतो. अंग ठणकत असतं, डोकं तापलेलं असतं, दिवसभर दहा जणांच्या शिव्या खाल्लेल्या असतात. मग 'थोडी घेतली की झोप लागते' असे सुरू होते. ती थोडी पुढे किती होते हे या सभागृहात बसलेल्या माता-भगिनींना आम्ही सांगायला नको. पाचवे शील घरात मोडते, पण त्याचे कारण पुष्कळदा कामाच्या जागी असते. म्हणून हा विषय विहारातच बोलला पाहिजे असे आम्हाला वाटते.

पहिली गोष्ट. तथागतांनी कामधंद्याकडे पाठ फिरवा असे गृहस्थाला कधी सांगितले नाही. मंगलसुत्त आपण सगळे म्हणतो. त्यात उत्तम मंगल कशाकशाला म्हटले आहे ते आठवा. आईवडिलांची सेवा आहे, बायकामुलांचा सांभाळ आहे, आणि लगेच त्याच्याच शेजारी कामाविषयी शब्द येतो, 'अनाकुल'. म्हणजे गोंधळ नसलेले, तुंबून न राहिलेले काम. बघा, काम सोडून मंगल नाही, तर गोंधळ सोडून मंगल आहे. आपण गाथा म्हणताना हा शब्द भरकन म्हणून जातो. मांडववाल्याने तरी तिथे क्षणभर थांबावे.

दुसरे एक उदाहरण विनयपिटकातले आहे. ते आपल्या धंद्याला इतके लागू आहे की, आमच्यातल्या पोरांनी ते पहिल्यांदा ऐकले तेव्हा त्यांना खरे वाटेना. दब्ब मल्लपुत्त नावाचे भिक्खू होते. वयाच्या सातव्या वर्षी त्यांनी अर्हत्पद गाठले असे सांगतात. आता आपले स्वतःचे काही करायचे राहिले नाही, मग संघाची कोणती सेवा करावी, असा त्यांनी विचार केला आणि काम मागितले ते कोणते? आलेल्या भिक्खूंची राहण्याची सोय लावणे आणि भोजनाची आमंत्रणे वाटून देणे! संघाने रीतसर सर्वांना विचारून राजगृहाच्या वेळुवनात त्यांची नेमणूक केली. म्हणजे आजच्या भाषेत निवास आणि भोजन, दोन्ही खाती एका अर्हताकडे.

त्यांची पद्धत ऐकण्यासारखी आहे. सुत्तांचे पठण करणारे भिक्खू एका ठिकाणी, विनयाची चर्चा करणारे एका ठिकाणी, ध्यान करणारे वेगळे, म्हणजे एकाच्या आवाजाचा दुसऱ्याला त्रास नको. गप्पा मारणाऱ्यांचीसुद्धा त्यांनी वेगळी सोय केली होती! त्यांना त्यांनी रागे भरले नाही. ज्याला जे मानवते ते त्याला दिले. ज्याने लग्नाच्या हॉलमध्ये सोयरे-धायरे बसवले असतील त्याला यातली हुशारी लगेच कळेल. काही भिक्खू मुद्दाम रात्री उशिरा येत आणि लांबची, गृध्रकूटावरची जागा मागत, केवळ दब्ब वाट दाखवताना त्यांच्या बोटातून उजेड पडतो तो चमत्कार बघायला. चमत्काराचे सोडून देऊ. आम्हाला त्यातले महत्त्वाचे वाटते ते हे की, अवेळी आलेल्या माणसालाही ते स्वतः जाऊन खाट कुठे, पाणी कुठे, बाहेर जायची वाट कुठे हे दाखवत होते.

एवढे करून त्यांना काय मिळाले? खोटा आळ! मेत्तिय-भुम्मजक गटाच्या भिक्खूंना एका गृहस्थाच्या घरी हलके जेवण वाढले गेले. वाढायला लावले त्या घरधन्याने, पण दोष दिला दब्बांना. पुढे त्या लोकांनी एका भिक्खुणीकरवी त्यांच्यावर घाणेरडा आरोपही करवला. भगवंतांनी भर संघात विचारले, दब्बांनी शांतपणे नाकारले, चौकशी झाली आणि ते निर्दोष ठरले. म्हणजे बघा, अडीच हजार वर्षांपूर्वीही भाजी बिघडली की शिव्या व्यवस्था बघणाऱ्यालाच बसत होत्या. आज वरपक्षाचा कोणी काका आमच्या पोरावर ओरडतो तेव्हा आम्ही त्याला म्हणतो, अरे, अर्हतालासुद्धा सुटला नाही तो तुला कसा सुटेल? हसण्यावारी म्हणतो, पण त्याने राग खरोखर उतरतो.

आता मुख्य मुद्दा, कामगारांचा. सिगालोवाद सुत्तात मालकाची नोकराविषयी पाच कर्तव्ये दिली आहेत. ताकद बघून काम द्यावे, जेवण आणि मजुरी द्यावी, आजारात काळजी घ्यावी, गोडधोड असेल त्यात वाटा द्यावा आणि वेळेवर सुट्टी द्यावी. ही यादी कामगार कायद्याच्या किती आधीची आहे! आणि समारंभाच्या धंद्यात तिचा किती ठिकाणी भंग होतो! पहाटे चारला टेम्पोतून उतरलेला वाढपी दुपारी साडेतीनपर्यंत उपाशी असतो. समोरून श्रीखंड-पुरीची ताटे जातात आणि त्याच्या वाट्याला शेवटी खरवडलेला भात. उपाशी माणूस पाहुण्याशी गोड बोलेल ही अपेक्षाच चूक आहे. आम्ही सध्या असे करतो की, पंगत बसायच्या आधी, आचारी म्हणाला 'झालं' की पहिले जेवण वाढप्यांचे. तेच अन्न, गोडासकट, खाली बसून. वीस-पंचवीस मिनिटे जातात. यजमान घड्याळ दाखवतात. पण नंतरच्या तीन तासांत भांडण होत नाही, ताट आदळत नाही, वाढपाच्या जागी आरडाओरडा नाही. हे आम्ही धर्मादाय म्हणून सांगत नाही, धंद्याच्या हिशेबानेही ते परवडते.

मजुरीचेही तसेच. हजेरी त्याच रात्री, मोजून, हातात. 'पार्टीकडून आले की देतो' हे वाक्य या धंद्यातले सर्वात मोठे अशांतीचे मूळ आहे. यजमानाकडून विसार घेतानाच हजेरीची रक्कम बाजूला काढून ठेवावी, तिला हात लावू नये. एका मोठ्या ठेकेदाराने आमच्या काही मुलांचे सबंध सीझनचे पैसे अडकवून ठेवले होते. मुलांच्या घरात काय झाले असेल ते समजून घ्या. नाव घेऊन उपयोग नाही.

शांती म्हणजे डोळे मिटून बसणे एवढेच नव्हे. आमच्या अनुभवाने निम्मी शांती कागदात असते. कोण किती वाजता येणार, वीज कुठून घेणार, जनरेटरला डिझेल किती, प्यायचे पाणी किती, भन्तेजींचे भोजनदान बाराच्या आत कोण करणार, हे सगळे एका कागदावर आणि तो कागद सर्वांच्या हातात. मोबाईलवर शंभर निरोप फिरतात, त्यातला कोणता शेवटचा हे कोणालाच कळत नाही. म्हणून निर्णय सांगणारा माणूस एकच ठेवावा. आणि आदल्या रात्री नवे काही ठरवू नये, मग कल्पना कितीही चांगली असो.

प.पू. बाबासाहेबांचा दाखला घ्या. 23 सप्टेंबर 1956 रोजी त्यांनी पत्रक काढून जाहीर केले की, 14 ऑक्टोबरला नागपुरात सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान धम्मदीक्षा होईल. मध्ये जेमतेम तीन आठवडे. मोबाईल नाही, घरोघरी फोन नाही. वामनराव गोडबोले आणि नागपूरच्या कार्यकर्त्यांनी लाखो माणसांची व्यवस्था उभी केली. कुशीनाऱ्याहून चंद्रमणी महास्थविर आले. लोक पांढऱ्या वस्त्रांत, लेकरंबाळं घेऊन आले आणि शांततेने दीक्षा घेऊन गेले. दिवस दसऱ्याचा आणि रविवारचा, वेळ आधीच छापलेली. त्या समारंभाची शिस्त हा आपला वारसा आहे. मग आपल्याच जयंतीत साडेपाचचा कार्यक्रम आठला का सुरू होतो, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आपल्या मंगलपरिणयाचेही तसेच. आपल्याला मुहूर्त नाही. बारा वाजून सदतीस मिनिटांसाठी धावाधाव करायचे कारण नाही. त्रिशरण-पंचशील, प्रतिज्ञा, आशीर्वाद-गाथा, विधी किती सुटसुटीत! तरी आपली लग्ने उशिरा लागतात ती पुढाऱ्याची वाट बघण्यात आणि आशीर्वादपर भाषणांत. वधू-वर उभे, पाहुणे उपाशी, आचाऱ्याची पुरी गार. मुहूर्त गेला तसे हेही गेले तर आमचे आचारी तुम्हाला दुवा देतील! शिवाय तारखेचे बंधन नाही तर मे महिन्यातल्या त्याच दोन-चार रविवारी सगळ्यांनी हॉल का अडवावेत? इतर दिवशी हॉलही स्वस्त मिळतो आणि कामगारालाही श्वास घ्यायला सवड मिळते.

एक अवघड प्रश्न मात्र टाळता येत नाही. भगवंतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले : शस्त्रे, जिवंत प्राणी व माणसे, मांस, मद्य आणि विष. दारूच्या पार्टीचे काम घ्यायचे की नाही? पैसा त्यातच जास्त आहे, हे लपवून काय उपयोग? आम्ही ती कामे घेत नाही. हॉल-मांडव घेतला तरी दारूचा काऊंटर आमची माणसे लावत नाहीत, हे विसार घेतानाच सांगतो. काही गिऱ्हाईके जातात. मटणाच्या जेवणावळीबद्दल आमच्यातच दोन मते आहेत. काहींच्या मते वर्ज्य व्यापार म्हणजे कापण्याचा आणि विकण्याचा, रांधून वाढण्याचा नव्हे. काहींना ही पळवाट वाटते. त्यावर भन्तेजींनी पुढे केव्हातरी मार्गदर्शन करावे अशी विनंती आहे.

राहिला आनंद. चार ब्रह्मविहारांतली मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या सुखाने सुखी होणे. तिचा सराव करायला आमच्याइतकी संधी कोणाला मिळते? रोज कोणाचे तरी लग्न, कोणाच्या बाळाचे नामकरण, कोणी पोरगी डॉक्टर झाली म्हणून सत्कार. आपण त्यात फक्त बिल बघितले तर हेवा वाटायला लागतो : यांच्या फुलांवर एवढा खर्च आणि आपल्या पोराची फी थकलेली. म्हणून दार उघडायच्या आधी आम्ही सगळे पाच मिनिटे मांडवात गोल उभे राहतो. श्वासावर लक्ष, मग आजच्या घराला सुख लाभो एवढे मनात म्हणायचे. आमच्या सोबतची काही मुले दुसऱ्या धर्मांची आहेत, तीही उभी राहतात. आणि पुण्यानुमोदनाचे काम असेल त्या दिवशी माईकचे 'हॅलो, हॅलो' बंद, खुर्च्या उचलून ठेवायच्या, ओढायच्या नाहीत.

येत्या वर्धापनदिनाच्या भोजनदानाची व्यवस्था समितीने आमच्याकडे दिली आहे. वाढायला वीस हात कमी पडत आहेत. ज्या तरुण-तरुणींना यायचे असेल त्यांनी सभा संपल्यावर आमच्याकडे नावे द्यावीत. सकाळी सहाला हजर व्हायचे आहे आणि पहिले जेवण तुमचे असेल.

नमो बुद्धाय! जयभीम!