बुरशी, जंतू आणि आपली औषधे
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



पावसाळ्यात भाकरीला बुरशी आली की आपण ती टाकून देतो, आणि ते योग्यच आहे. पण १९२८ साली लंडनमध्ये फ्लेमिंग यांच्या जंतूंच्या ताटलीत अशीच एक बुरशी पडली आणि तिच्याभोवतीचे जंतू नाहीसे झाले. त्यातून पुढे पेनिसिलीन आले. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात १९५५ साली ते तयार होऊ लागले. नंतर तेथेच मातीतल्या जंतूपासून हॅमायसिन हे बुरशीवरचे औषध निघाले. म्हणजे मारा दोन्हीकडून चालतो.

आपल्या राजुऱ्याच्या रानातल्या मूठभर मातीतही बुरशी आणि जंतू शेजारी नांदतात. वेगळ्या भांड्यांत एकेकटे वाढवले, तर ते पुष्कळ द्रव्ये तयारच करीत नाहीत. शेजारी वैरी आला की करतात. म्हणून शास्त्रज्ञ दोघांना मुद्दाम एकाच भांड्यात वाढवतात. २००१ साली समुद्रातली एक बुरशी जंतूबरोबर वाढवली, तेव्हा पेस्टॅलोन हे नवे द्रव्य मिळाले. जुन्या औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवरही ते प्रयोगशाळेतल्या चाचणीत लागू पडले.

पण भांड्यातले द्रव्य औषध होऊन घरी यायला वर्षे लागतात. तोवर जुनी औषधे जपणे आपल्या हाती आहे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सांगितल्या तशाच पूर्ण घ्या. उरलेली गोळी शेजारणीच्या मुलाला देऊ नका. साध्या सर्दीला या गोळ्या मागू नका.