तबकडीची दुसरी बाजू

ध्वनिमुद्रिकेला दोन बाजू असतात, हे सर्वांस ठाऊक आहे. पण आमच्या घरी एका तबकडीची दुसरी बाजू पन्नास वर्षांत कोणी लावली नव्हती. वडिलांची ती छोटी तबकडी मी नोकरीच्या निमित्ताने बेंगळुरूतील के. आर. पुरम येथे आणली. बीटल्स या इंग्रज वाद्यवृंदाचे 'लेडी मॅडोना' ज्या बाजूस आहे, ती ओरखड्यांनी करडी झाली आहे; लहानपणी तिच्यावर मीही नाचलो आहे. मागची बाजू मात्र आरशासारखी लखलखीत. तिच्यावर 'द इनर लाइट' आहे.

मला लाज वाटली ती ही, की हे गीत आमच्याच मुंबईत घडले होते. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन 'वंडरवॉल' या चित्रपटाच्या संगीतासाठी तेथे आला होता. फोर्टमधील फिरोजशहा मेहता रस्त्यावरील ध्वनिमुद्रणगृहात द्विपथ यंत्र नव्हते. ते कलकत्त्याहून आगगाडीने आणविण्यात आले. खिडक्यांतून रहदारीचे आवाज आत येत. अशा जागी आशिष खाँ यांची सरोद, महापुरुष मिश्र यांचा पखावज, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि रिजराम देसाड यांची हार्मोनियम ध्वनिमुद्रित झाली. गायन मागाहून लंडनमध्ये जोडले गेले.

त्या काळात हा वृंद विद्युत्-गिटारींच्या धुंद, भोवळ आणणाऱ्या प्रयोगांत रमला होता. येथे त्याची गिटार नाही की ढोल नाही. सरोद आणि पखावज वेगाने धावत येतात, एकदम थांबतात, आणि मागे उरतो बासरीच्या सोबतीने जवळजवळ पुटपुटणारा एक आवाज. शब्द 'ताओ ते चिंग' या चिनी ग्रंथावरून घेतलेले. ते केंब्रिजमधील संस्कृताचे अध्यापक हुआन मास्कारो यांनी सुचविले होते. पूर्वपश्चिमेचे मीलन वगैरे म्हणण्याची प्रथा आहे. मला तो शब्दच थोडा जड वाटतो. मला येथे भावतो तो संयम. गाणारा माणूस वादकांना वाट देतो.

मार्च १९६८ मध्ये ही तबकडी निघाली. बीटल्सच्या एकेरी तबकडीवर आलेली हॅरिसनची ही पहिलीच रचना. तिच्या लेबलवर त्याचे नाव आहे, मुंबईच्या वादकांचे मात्र एकाचेही नाही.

परवा रात्री मी ती बाजू लावली, तेव्हा बाहेर रेल्वेची शिट्टी वाजत होती आणि रस्त्यावर मोटारी तुंबल्या होत्या. खिडकी मी बंद केली नाही.