गुडघा बदलल्यानंतरचे सहा आठवडे

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'आयटी क्षेत्रातल्या संधी' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी विषय बदलून मागितला. आपल्या बॅचच्या ग्रुपवर आता नोकरीबद्दल फारसं कुणी विचारत नाही. विचारतात ते, "आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करावं का गं? नंतर फार दुखतं का?" आपण चाळिशीच्या उतारावर आहोत, आपले आईवडील सत्तरीत. आज सकाळी या सभागृहाचा जिना चढताना कठडा कुणी कुणी धरला तेही मी पाहिलंय, आणि त्यात फक्त सर आणि बाई नव्हत्या!

मी डॉक्टर नाही, संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते. तीन वर्षांपूर्वी माझ्या आईचा उजवा गुडघा बदलला. तेव्हा फिजिओथेरपिस्टना विचारून आणि रात्री जागून वाचून जे हाती लागलं, ते सांगते.

आईला जुना मधुमेह, त्यामुळे किडनी थोडी कमजोर. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या डॉक्टरांनी आधीच बंद केल्या होत्या. ट्रॅमाडॉलने तिला मळमळायचं आणि दिवसभर गुंगी यायची. राहता राहिलं पॅरासिटामॉल. घरी आल्यावर तिसऱ्या रात्री ती उठून बसली आणि म्हणाली, "दुसऱ्या गुडघ्याचं नाव काढू नकोस." सकाळी तिने व्यायामालाही नकार दिला.

खरी अडचण इथे आहे. ऑपरेशन चांगलं झालं तरी पहिल्या काही आठवड्यांत गुडघा वाकवला नाही, पूर्ण सरळ केला नाही, तर सांधा आखडतो. खुर्चीतून सहज उठायला गुडघा ९० अंशांहून थोडा जास्त वाकावा लागतो. दुखतं म्हणून हलवायचा नाही आणि हलवला नाही म्हणून आखडून आणखी दुखतो, हे चक्र तोडायचं असतं. "सोसायला हवं" असं म्हणून ते तुटत नाही.

गोळ्यांशिवायच्या उपायांकडे मी वळले ती अशी. पण एक गोष्ट आधीच सांगते. हे उपाय गोळ्यांच्या जोडीला आहेत, त्यांच्या जागी नाहीत. डॉक्टरांनी दिलेली गोळी वेळेवर घ्यायची. व्यायामाच्या आधी अर्धा-पाऊण तास घ्यावी का, हेही त्यांनाच विचारायचं. आमचा फायदा त्या एका प्रश्नानेच सुरू झाला.

आता उपाय. २०१७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 'जामा सर्जरी' या नियतकालिकात एक आढावा प्रसिद्ध केला. गुडघा बदललेल्या २,३९१ रुग्णांवरच्या ३९ चाचण्या त्यांनी एकत्र तपासल्या. सौम्य विजेच्या उपचाराने अफूवर्गातल्या तीव्र वेदनाशामकांची गरज कमी झाली आणि ॲक्युपंक्चरमुळे ती औषधं लागण्याची वेळ पुढे गेली, याला मध्यम दर्जाचा पुरावा मिळाला. बर्फाबद्दलचा पुरावा फार कच्चा निघाला. गुडघा आपोआप हलवणाऱ्या सीपीएम यंत्राने वेदना कमी होते, असं दिसलं नाही. ऑपरेशनपूर्वीच्या व्यायामानेही नंतरची वेदना कमी झालेली दिसली नाही. माझ्यासारखीला अशी यादी फार उपयोगी, कारण पैसे कशावर घालवायचे नाहीत हेही त्यातून कळतं. आम्ही सीपीएम यंत्र भाड्याने आणणार होतो, ते रद्द केलं.

विजेच्या उपचाराचं घरगुती रूप म्हणजे टेन्स. हाताच्या तळव्यात मावेल एवढं यंत्र, त्याला चिकटपट्ट्या, आणि त्यातून मुंग्या आल्यासारखी झिणझिण. याने दुखणं कमी का व्हावं? कोपर आपटलं की आपण आपोआप तो चोळतो. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी यामागचं कारण मांडलं. वेदनेचा निरोप बारीक मज्जातंतूंमधून जातो, स्पर्शाचा निरोप जाड तंतूंमधून वेगाने जातो. मेंदूकडे जाण्याआधी मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. स्पर्शाची वर्दळ वाढली की वेदनेसाठी ते थोडं बंद होतं. पुढे या सिद्धांतात बऱ्याच सुधारणा झाल्या, पण टेन्सचा पाया तोच. मात्र पट्ट्या जखमेवर कधीच लावायच्या नाहीत, पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही, आणि पट्ट्या कुठे लावायच्या हे पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडूनच शिकायचं.

बर्फाचा पुरावा कच्चा असला तरी आम्ही तो वापरला. आईला बरं वाटायचं आणि नीट वापरला तर अपाय नव्हता. गोठवलेल्या मटारची पिशवी पंच्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, जखम कोरडी ठेवून. आपल्या घरांत लगेच गरम पाण्याची पिशवी आणि तेलाची वाटी पुढे येते. आमच्याकडेही दोन मावश्या घेऊन आल्या होत्या. सुरुवातीच्या सुजेवर गरम शेक नको आणि ताज्या टाक्यांवर मालीश तर नकोच.

पाय उंच ठेवायचा, पण उशी गुडघ्याखाली नको. तिथे आराम वाटतो, पण गुडघा वाकलेलाच राहायची सवय लागते. उशी पोटरी आणि टाचेखाली हवी. दर तासाला घोटे वरखाली करायचे. मांडीचा स्नायू आवळून पाच आकडे मोजायचे. बिछान्यावरून टाच मागे सरकवायची. आकडे मोजायचा आईला कंटाळा, म्हणून सकाळच्या बातम्या सुरू झाल्या की ती टाच सरकवायला लागायची आणि बातम्या संपल्या की थांबायची. जिन्याचा नियम असा की चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा पाय.

रात्र सगळ्यात वाईट. दिवसा माणसं असतात, रात्री फक्त गुडघा असतो. तेव्हा सावकाश श्वास, आणि श्वास सोडायचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा जास्त. कमी आवाजात आईची आवडती नाट्यगीतं. याने वेदना नाहीशी होत नाही, पण आवळलेलं अंग सैल पडतं आणि डोळा लागतो. झोप झालेल्या माणसाला सकाळी तेवढंच दुखणं कमी भारी पडतं.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे प्रश्न बदलणं. येणारा प्रत्येक जण, येणारा प्रत्येक फोन विचारायचा, "फार दुखतंय का?" दिवसातून वीस वेळा आई आपलं दुखणं नव्याने चाचपून बघायची. मग आम्ही एक वही केली. तिच्यात रोज तीन नोंदी: किती अंश वाकला, वॉकर घेऊन कुठपर्यंत गेली, रात्री किती तास झोप. नातेवाइकांना सांगितलं, "आज कुठपर्यंत चाललात?" असं विचारा. पहिल्या पानावर 'बाथरूमपर्यंत' आहे, विसाव्या दिवशी 'फाटकापर्यंत', आणि सहाव्या आठवड्यात 'भाजीवाल्यापर्यंत, घासाघीस करून परत'.

काही गोष्टींत घरगुती उपाय करत बसायचं नाही. पोटरीत एकाएकी दुखणं आणि सूज, ताप, जखमेतून पाणी किंवा पू, असं काही दिसलं तर लगेच डॉक्टरांना फोन. आणि धाप लागली किंवा छातीत दुखलं तर वेळ न घालवता सरळ हॉस्पिटल. पोटरीत रक्ताची गुठळी झालेली असू शकते, ती चोळायची नसते.

सहा आठवड्यांत सगळं दुखणं संपतं, असं मी म्हणणार नाही. सूज आणि ताठरपणा काही महिने राहिला. पण चौदा महिन्यांनी आईने वही काढली, पहिलं पान उलटलं आणि स्वतःहून म्हणाली, "डाव्याची तारीख घे." तिला मी पटवलं नव्हतं. तिच्याच अक्षरातल्या नोंदींनी पटवलं.

एक विनंती करून थांबते. आपल्यातले बरेच जण पुण्या-मुंबईत किंवा परदेशात आहेत, आणि आईवडील, सर, बाई इथे गावात. मटारची पिशवी कुरिअरने पाठवता येते, पण फाटकापर्यंत सोबत चालणारं माणूस नाही पाठवता येत. म्हणून या मेळाव्यातून एक यादी करू या. ज्या घरी ऑपरेशन होईल तिथे सहा आठवडे रोज संध्याकाळी अर्धा तास कोण जाऊ शकेल, त्यांची नावं. कोरा कागद दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. पुण्याच्या घरासाठी पहिलं नाव माझं लिहिलंय. जेवायला जाता जाता तुमचंही लिहा.