कंसातला आर्गॉन

लोखंडाच्या अणूत २६ इलेक्ट्रॉन असतात. त्यांची मांडणी रसायनशास्त्रज्ञ अशी लिहितो : १एस२ २एस२ २पी६ ३एस२ ३पी६ ३डी६ ४एस२. पहिला आकडा कवचाचा, अक्षर उपकवचाचे आणि शेवटचा आकडा तेथील इलेक्ट्रॉनांचा. मात्र एवढे सारे प्रत्येक वेळी लिहिण्याचे प्रयोजन नाही.

जुन्या मोडी दफ्तरांत गावाचे नाव एकदा येऊन गेले, की पुढे नुसते ‘मौजे मजकूर’ एवढेच लिहीत. येथेही तोच न्याय. पहिले १८ इलेक्ट्रॉन आर्गॉनच्या मांडणीप्रमाणेच असल्याने ‘[आर्गॉन] ३डी६ ४एस२’ एवढे पुरते. कंसात बसण्याचा मान मात्र हेलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन आणि रेडॉन या राजवायूंचाच. आणि तोही आपल्या मूलद्रव्याच्या लगेच मागे असलेल्या राजवायूचा.

हा मान त्यांनाच का? त्यांची मांडणी इतकी स्थिर, की ते सहसा कोणाशी संयोग पावत नाहीत. १८९४ साली रॅले आणि रॅमसे यांनी हवेतून आर्गॉन वेगळा केला, तेव्हा त्याला नाव दिले तेच ग्रीक भाषेतील ‘आळशी’ या अर्थाच्या शब्दावरून! (१९६२ मध्ये बार्टलेटने झेनॉनचे संयुग घडविले आणि ‘निष्क्रिय’ हे विशेषण थोडे सैल करावे लागले, ही गोष्ट वेगळी.) कंसाच्या आत जे गेले ते रासायनिक व्यवहारातून जवळजवळ निवृत्त झाले, धातूचा सारा संसार कंसाबाहेरच्या इलेक्ट्रॉनांवर चालतो. सोडियमचे ‘[निऑन] ३एस१’ पाहा. बाहेरचा तो एकुलता एक इलेक्ट्रॉन द्यावयास तो किती उतावीळ असतो!

विद्यार्थी चुकतात ते बहुधा दोन ठिकाणी. सोन्याचा अणुक्रमांक ७९, झेनॉनचा ५४, उरले २५. तेथे ‘५डी१० ६एस१’ लिहून थांबले तर ११ च भरतात. मधले ‘४एफ१४’ विसरलेले असते! दुसरे ठिकाण तांब्याचे. नियमाने ‘३डी९ ४एस२’ यावयास हवे, पण प्रत्यक्षात ‘[आर्गॉन] ३डी१० ४एस१’ आढळते. क्रोमियमही असेच ‘३डी५ ४एस१’ पसंत करते. येथे पाठांतर तोकडे पडते, प्रयोगाचीच साक्ष मानावी लागते.

आता पुन्हा लोखंड. ते गंजते तेव्हा प्रथम ४एसचे दोन इलेक्ट्रॉन जातात, नंतर ३डीमधील एक. गंजातल्या लोखंडाच्या आयनापाशी उरते ते ‘[आर्गॉन] ३डी५’. कंसाला धक्काही लागलेला नसतो.