लहान उद्योग आणि सरकारी संशोधनाचा पैसा

(संघाच्या वार्षिक मेळाव्यात नेरे येथे केलेले भाषण)



शिक्षण आणि नोकरी या विषयांवर आपण दरवर्षी बोलतो. आज मला थोडे वेगळे बोलावयाचे आहे. नव्या संशोधनासाठी सरकार जो पैसा देते, तो आपल्या लहान उद्योजकापर्यंत का पोहोचत नाही आणि तो पोहोचावा म्हणून आपण काय करावे, हा माझा विषय आहे.

संशोधन म्हटले की मोठी प्रयोगशाळा आणि पांढरे कोट डोळ्यांसमोर येतात. पण आपल्या नेऱ्याचेच पाहा. शांतिवनात १९५१ सालापासून कुष्ठरुग्णांची सेवा चालू आहे. या रोगात पाय बधिर होतो. खडा टोचला तरी कळत नाही आणि जखम चिघळत जाते. अशा पायांसाठी मायक्रोसेल्युलर रबराच्या मऊ तळाच्या चपला वापरतात. मधुमेहाच्या अनेक रुग्णांचीही हीच अडचण असते. तळ किती मऊ हवा, पट्टा कोठे यावा, चप्पल किती महिने टिकते, हे तपासून तीत सुधारणा करणे म्हणजे संशोधनच. ते चपला बनविणारा कारागीर करू शकतो.

यासाठी योजना नाहीत असे नाही. अमेरिकेने १९८२ साली कायदा करून मोठ्या सरकारी खात्यांना संशोधन खर्चाचा ठरावीक हिस्सा लहान उद्योगांसाठी राखून ठेवावयास लावले. आपल्याकडे जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ साली लहान उद्योगांसाठी तशीच योजना आणली. २०१६ साली सुरू झालेल्या ‘निधि’ कार्यक्रमातील ‘प्रयास’ योजनेत कल्पनेचा पहिला नमुना बनविण्यासाठी १० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली. २०२० साली केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने बाबासाहेबांच्या नावाने खास अनुसूचित जातींच्या तरुणांसाठी नवसंशोधन योजना काढली. निवडलेल्या कल्पनेला तीन वर्षांत ३० लाख रुपये भागभांडवल देण्याचे तीत ठरले. १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाल्यामुळे आपल्या बौद्ध बांधवांनाही केंद्राच्या अशा सवलतींचा हक्क मिळाला, हे विसरू नये.

मग अडते कोठे? माझाच अनुभव सांगतो. तळोज्याला माझे लेथ आणि वेल्डिंगचे छोटे वर्कशॉप आहे. एका कारखान्याचा पंप सारखा गळत असे. मी बुशची रचना बदलून पाहिली. तिसऱ्या खेपेस गळती थांबली. एका जाणकाराच्या सांगण्यावरून मी एका योजनेसाठी अर्ज केला. तेथे मला विचारले की चाचण्या किती घेतल्या, गळती किती होती आणि किती उरली, ड्रॉइंग कोठे आहे, तीन वर्षांचे हिशेब कोठे आहेत. माझ्याजवळ फक्त जॉबवर्कची बिले होती. पहिले दोन बुश तर मी भंगारात घातले होते. अर्ज परत आला. माझ्या कल्पनेला कोणी नाव ठेवले नाही, पण ती दाखवावयास माझ्याजवळ काहीच नव्हते.

म्हणून तरुणांना माझे सांगणे आहे की एक वही करा. तारीख घाला, काय बदलले ते लिहा, मोजमाप लिहा आणि फसलेला प्रयोगही लिहा. फसलेला नमुना जपून ठेवा. उद्यम नोंदणी आणि जातीचा दाखला वेळेवर काढून ठेवा. पेटंट घ्यावयाचे असेल तर आधी चारचौघांत बोलू नका. प्रथम तात्पुरता तपशील दाखल करता येतो आणि पूर्ण तपशील देण्यास बारा महिने मिळतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातील व्हेंचर सेंटर किंवा पवईच्या आयआयटीतील ‘साइन’ यांसारख्या केंद्रांत जाऊन चालू योजना कोणत्या आणि अटी काय, ते समक्ष विचारा. तेथे जाण्यास भिऊ नका.

सरकारलाही सांगावयास हवे. अर्ज मराठीत घ्या. पैसा हप्त्याने देता, तर पहिला हप्ता काम सुरू होण्यापूर्वी द्या. ज्याच्या घरची चूल रोजच्या जॉबवर्कवर पेटते, तो स्वतःचे पैसे घालून सहा महिने थांबू शकत नाही. मोठी कंपनी अर्ज लिहिण्यासाठी माणूस ठेवते. आमचा माणूस रात्री मशीन बंद करून अर्ज लिहावयास बसतो.

शेवटी संघाला एक विनंती. महिन्यातील एका रविवारी दोन तास एक टेबल मांडावे. आपल्यातील निवृत्त अभियंते, शिक्षक आणि बँकेतील मंडळी यांनी तेथे बसून अर्ज लिहून द्यावेत, हिशेब नीट लावून द्यावेत. याला मोठा खर्च नाही. वर्षाकाठी एकाचा जरी अर्ज मंजूर झाला, तरी पुढच्या दहा जणांना वाट सापडेल. पहिल्या रविवारी मी माझी परत आलेली फाईल घेऊन येईन. त्या फाईलपासूनच सुरुवात करू.